तेहतीस अंश

चाळीस वर्षं मी फ्रीज दुरुस्त केले.
मॅलीच्या या रेताड, गव्हाच्या मुलखात,
जिथे जानेवारीत गाडीच्या दाराला हात लावला की चटका बसतो,
घरोघर थंडी पोचवत फिरलो.
निवृत्त झालो आणि म्हटलं,
आता जरा ऊब शोधू.

शेडमधल्या बाकावर दोन डॉलरचा कॅमेरा,
चर्चच्या जुन्या सामानातून आणलेला,
आत कुणाच्यातरी वाढदिवसाचे तीन फोटो अजून तसेच.
चार बारीक स्क्रू काढले, पाठ उघडली,
फ्लॅशच्या कपॅसिटरने असा झटका दिला
की कोपर भिंतीवर आपटलं.
"शाबास," ग्लेनिस दारातून म्हणाली,
"फ्रीजला चाळीस वर्षांत जमलं नाही ते."

शटरच्या बटणाखाली तांब्याचे दोन ठिपके,
मसुराच्या डाळीहून लहान.
चष्म्यावर चष्मा चढवून, श्वास धरून,
केसाएवढ्या दोन तारांना डाख दिला.
अंगणातल्या दिव्याचा सेन्सर उपटला,
माशीच्या डोळ्यासारखा, फुगीर, पांढरा.
डबा ग्लेनिसचा, सँडविचचा, झाकणाला रबर असलेला.
विचारून घेतला नव्हता.
आत बुटांच्या खोक्यातल्या पुड्या टाकल्या,
'खाऊ नये' लिहिलेल्या.

हा डोळा आकार पाहत नाही, रंग पाहत नाही.
त्याला एवढंच कळतं
की भोवतालच्या हवेहून निराळं काहीतरी
समोरून सरकलं.
जिवंत असण्याची इतक्या कमी शब्दांतली व्याख्या
मी रविवारच्या प्रवचनातही ऐकली नव्हती.

क्लेम शुल्ट्झच्या कुंपणापलीकडे झुडपांत
मॅली-कोंबड्याचं टेकाड आहे.
खाली कुजता पाचोळा, वर वाळू, मध्ये अंडी.
नर महिनोन्‌महिने ते उपसतो, भरतो,
चोच खुपसून ताप बघतो.
तेहतीस अंश.
चढला तर वाळू काढ, उतरला तर ओढ.
माझाच धंदा,
फक्त बिल कुणाला पाठवत नाही.

डबा पट्ट्याने खोडाला आवळला,
तोंड दक्षिणेला, कारण आमचा सूर्य उत्तरेतून जातो
आणि थेट ऊन पडलं
तर या डोळ्याला तेही जनावरच वाटतं.

पहिला आठवडा: सहाशे अकरा फोटो.
पाचशे नव्वद एकाच फांदीचे.
अठरा क्लेमच्या हरवलेल्या बोकडाचे.
एकात मी, वाकलेलो, मागून.
दोनांत कोल्हा.

फांदी छाटली. बोकड पोचता केला.
कोल्ह्याने मात्र झोप उडवली.

मग रोज पहाटे तो दिसू लागला,
पाय मागे झाडत, वाळूचा फवारा उडवत.
एका फोटोत थांबून थेट डब्याकडे बघतोय,
दुसऱ्या मेकॅनिकने आपलं काम तपासायला यावं
तेव्हा मी बघायचो तसा.

डिसेंबरात एक दिवस पारा एक्केचाळीसवर गेला.
हवा आणि अंग, दोन्हींचा ताप एक.
अख्खी दुपार डोळ्याला
समोर कुणीही दिसलं नाही.

पुढचा फोटो थेट संध्याकाळी सात बावन्नचा.
टेकाडाच्या कुशीत मुठीएवढं भोक,
तिथून निघालेली पावलं,
बारीक, सरळ, झुडपात शिरणारी.
बाजूला नर, पाठ फिरवून, वाळू ओढतोय.
त्याच्या कामात ते पिल्लू कधी नव्हतंच,
आणि पिल्लालाही
कुणाचे आभार मानायला थांबायचं नव्हतं.

"म्हणजे नेमकं तेच हुकलं," ग्लेनिस म्हणाली.
मी पडद्यावर बोट ठेवून एकेक पाऊल दाखवलं.
तेरा मोजली तिने. मग पुन्हा मोजली.
पर्थच्या मुलीचा रविवारचा फोन वाजत होता,
तो उचलायला उठताना
जाता जाता म्हणाली,
"डबा राहू दे तिकडेच.
बॅटरी तेवढी बदल."